धान्यपेढीवर कुटुंबं दुपटीच्या वर गेली, पैसा तेवढाच. पिशवी कशी लावायची?

मानेवाडा_रहिवासी

नमस्कार मंडळी. दक्षिण नागपुरात समाजभवनाच्या मागच्या खोलीतून आमचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोरडा शिधा वाटतो. सुरुवातीला ६० कुटुंबं होती, आता यादीत १४२ आहेत. बहुतेक बांधकामावरचे मजूर, धुणीभांडी करणाऱ्या बाया, काही एकटे म्हातारे. पाऊस लागला आणि काम बसलं की यादी आणखी वाढते.

आत्ताची पिशवी अशी: तांदूळ ५ किलो, कणीक २ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ पाऊच, साखर १ किलो, मीठ १ किलो, तिखट-हळद. एका पिशवीला पावणेसातशेच्या आसपास खर्च येतो. महिन्याची खात्रीची जमा ७०,००० रुपये, म्हणजे शंभरेक पिशव्या. उरलेल्यांसाठी दर महिन्याला धावाधाव होते. दिवाळीत देणगी भरपूर येते, पण श्रावणात हात रिकामा असतो.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. सगळ्यांची पिशवी लहान करावी की यादी थांबवावी? खोली १० बाय १२ फुटांची आहे, तीत किती माल ठेवता येईल? गेल्या पावसाळ्यात मूग आणि चणे भुंग्यांनी पोखरले, त्यावर उपाय काय? आणि खरेदी किराणा दुकानातून चालू आहे, ती कळमन्याच्या किंवा इतवारीच्या घाऊक बाजारातून केली तर खरंच फरक पडतो का?

ताटवाटी

पिशवी लहान करू नका आणि यादीही थांबवू नका. आधी पिशवीत काय आहे ते बदला. तुमच्या पिशवीत वजन आहे, पण ताटात जे कमी पडतं ते नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० किलोकॅलरीचं ताट दिलं आहे. त्यात माणशी दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम आणि तेल २७ ग्रॅम धरलं आहे. चौघांच्या घराला ३० दिवसांसाठी याचा हिशोब लावला तर धान्य ३० किलो, डाळ १० किलोच्या थोडी वर आणि तेल सव्वातीन किलो होतं.

आता दुसऱ्या बाजूने बघा. प्राधान्य कुटुंबाला (अन्नसुरक्षा यादीतल्या घराला) रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, चौघांचे २० किलो. म्हणजे धान्याची दोन तृतीयांश गरज तिथेच भागते, तीही मोफत. डाळ आणि तेलाची तशी नेमाने सोय नाही. तुमची एक किलो डाळ त्या घरात माणशी दिवसाला ८ ग्रॅम पडते. आठ ग्रॅम डाळ म्हणजे वरणाचं नुसतं पिवळं पाणी.

म्हणून दोन पिशव्या करा.

"अ" पिशवी, रेशन चालू असलेल्या घरासाठी: तूरडाळ १ किलो, मसूर डाळ १ किलो, चणाडाळ अर्धा किलो, सोयावडी अर्धा किलो, तेल १ पाऊच, मीठ १ किलो. तूर १२०, मसूर ९०, चणाडाळ ९०, सोयावडी १०० रुपये किलो, तेल १५० आणि मीठ २५ धरलं तर ही पिशवी ४८० रुपयांत बसते.

"ब" पिशवी, रेशन मिळतच नाही अशा घरासाठी: वरचं सगळं, शिवाय तांदूळ १० किलो आणि कणीक ५ किलो. दोन्ही ३५ रुपये धरले तर १,००५ रुपये.

भाव माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे घालून पुन्हा बेरीज करा. साखर मुद्दाम काढली आहे. तिखट-हळद कुणी दान दिली तर घाला, विकत घेऊ नका.

या बदलाने किती फरक पडतो बघा. जुन्या पिशवीतल्या एक किलो तुरीत साधारण २२० ग्रॅम प्रथिनं. नव्या "अ" पिशवीत तुरीची २२०, मसुरीची २५०, चणाडाळीची १०५ आणि सोयावडीची २६०, मिळून ८३५ ग्रॅम. म्हणजे पावणेसातशेच्या जागी ४८० रुपये खर्चून डाळी-सोयातली प्रथिनं जवळपास चौपट. जुन्या पिशवीच्या कणीक-तांदळातही प्रथिनं होती हे खरं, पण त्या घरात धान्य आधीच येत होतं.

सोयावडीबद्दल एक सांगते. नुसती हातात दिली तर घरात पडून राहते, कारण अनेकांना तिचा वास नको वाटतो. उकळत्या पाण्यात मीठ घालून पाच मिनिटं ठेवायची, घट्ट पिळायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा साध्या पाण्यातून काढून पिळायची आणि मग आलूच्या रश्शात टाकायची. हे दोन ओळींत छापून पिशवीत घाला, किंवा वाटपाच्या दिवशी एका गंजात करून चव द्या. मोठी वडी न घेता बारीक चुरा घेतला तर तो पोह्यांतही खपतो आणि लहान पोरं वेगळा काढत बसत नाहीत.

लाखोळी डाळ स्वस्त मिळाली तरी पिशवीत नको. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे ती खातात, आणि अधूनमधून खाण्याचा प्रश्न नाही. पण ज्या घरात तीच रोजचं मुख्य अन्न होते त्या घरात पायांचा लकवा होण्याची भीती असते. आपली पिशवी नेमकी अशाच घरात जाते.

रेशनमित्र

ताईंच्या हिशोबात पुढची पायरी जोडतो. १४२ पैकी समजा १०० "अ" आणि ४२ "ब" निघाले, तर महिन्याचा खर्च ९०,००० च्या थोडा वर जातो. "ब" मधल्या २० घरांचं रेशन चालू झालं तर तोच ७९,७१० वर येतो. एका घराचं रेशन मार्गी लागलं की पेढीचे दर महिन्याला ५२५ रुपये वाचतात आणि त्या घराला २० किलो धान्य नेमाने मिळतं. म्हणून वाटपाच्या दिवशी एक टेबल फक्त रेशनच्या कामाला ठेवा.

त्या टेबलावर काय विचारायचं ते सांगतो. कार्ड पिवळं, केशरी की पांढरं? केशरी असेल तर धान्य मिळतं का? कारण केशरी कार्ड हातात आहे पण प्राधान्य कुटुंबाच्या यादीत नाव नाही, अशी घरं भरपूर असतात. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, ग्रामीण भागात ४४,०००. मर्यादेत बसूनही इष्टांक (लाभार्थ्यांची ठरलेली संख्या) भरला असेल तर थांबावं लागतं. तरी अर्ज करून पोच घ्यायचीच, कारण जागा रिकामी झाली की अर्ज नसलेल्याचा विचारच होत नाही.

अडतं कुठे? सगळ्यात जास्त अडतं ते नावांवर. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं, म्हणून सासरी चढत नाही. लहान लेकराचं आधार नसतं. दोन्ही सुटण्यासारखं आहे, आधी माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला, मग इकडचा अर्ज. हा क्रम उलटा केला की अर्ज परत येतो.

मग ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. सिमेंट-विटांच्या कामाने बोटांचे ठसे झिजतात, रेशन दुकानातलं पॉस मशीन (ठसा घेणारं यंत्र) घेत नाही, आणि दुकानदार "पुढच्या महिन्यात या" म्हणतो. अशा माणसाला बुबुळाच्या स्कॅनची सोय असलेल्या दुकानात पाठवा किंवा मोबाइलवरच्या "मेरा ई-केवायसी" ॲपमधून चेहऱ्याने करून द्या. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. हे काम एक तरुण पोरगा मोबाइल घेऊन बसला तर होतं.

तिसरं, परराज्यातले. बालाघाट, शिवनी किंवा छत्तीसगडकडून आलेल्या मजुरांना वाटतं की कार्ड गावचं, म्हणून धान्यही गावालाच. तसं नाही. "एक देश एक रेशन कार्ड"मध्ये त्याच कार्डावर नागपुरातल्या दुकानात धान्य उचलता येतं. अर्धं कुटुंब गावाला असेल तर त्यांनी तिकडे त्यांचा वाटा घ्यावा, यांनी इकडे.

अंत्योदय कार्डाचं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाचं, वेगळं आहे. तिथे माणशी नाही, कार्डाला ३५ किलो. दोन म्हाताऱ्यांचं अंत्योदय कार्ड असेल तर धान्याची चिंता नाही, डाळ-तेल द्या. सात जणांचं असेल तर माणशी पाचच किलो पडतात, त्यांना "अ" मध्ये पाच किलो तांदूळ वरून द्या.

दुकानदार धान्य नाकारत असेल तर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवायचा. शहरातलं काम अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या परिमंडळ कार्यालयात, ग्रामीण भागातलं तहसीलमध्ये.

एक कळकळीची विनंती. रेशनचं काम झालं नाही म्हणून कुणाची पिशवी अडवू नका. कागद नसणं हाच त्या घराचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

चुंगडी

खरेदीबद्दल विचारलंत. फरक पडतो, पण तो नुसत्या भावाचा नाही.

पहिली गोष्ट जीएसटीची. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-कणकेवर ५ टक्के लागतो. २५ किलोच्या वरच्या चुंगडीवर (पोत्यावर) लागत नाही. बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसतात ते यामुळेच. तुम्हाला महिन्याला तूर, मसूर आणि चणाडाळ मिळून ३५५ किलो लागणार, म्हणजे ३० किलोचे १२ कट्टे. ३५-३६ हजारांच्या मालावर पावणेदोन हजार वाचतात, त्यात तीन "अ" पिशव्या निघतात. किलो-किलोच्या पन्न्या तुम्हीच भरा, पण काटा वैधमापनचा शिक्का असलेला घ्या. घरगुती काट्यावर किलोमागे १५-२० ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर १४२ पिशव्यांत दोन-तीन किलो डाळ कुठे गेली ते कळत नाही.

दुसरं, प्रत मागताना बाजाराचं नाव सांगा. तुरीत "फटका बेस्ट" मागू नका, "फोड" बघा. दिसायला कमी उजळ, शिजायला आणि पोटाला तीच. तांदळात स्वर्णा किंवा परमल. चिन्नोर, एचएमटीच्या वाटेला जाऊ नका. कनकी (तुटका तांदूळ) अजिबात नको. स्वस्त असते, पण घेणाऱ्याला ती हातात घेताच कळतं की आपल्याला काय दिलं आहे.

तिसरं, नमुना. कट्ट्याच्या तोंडावरचा माल बघून होकार देऊ नका. परखी (नमुना काढायची पोकळ सळई) मधोमध आणि तळाशी घालायला लावा. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरवा आणि तीन गोष्टी बघा. भोकं पडलेला दाणा आहे का. हाताला पिवळी पावडर लागते का. आणि तूर किंवा चणाडाळीत पाचरीसारखा, तिरकस कापल्यासारखा दाणा दिसतो का. तो लाखोळीचा. एका मुठीत चार-पाच दिसले तर तो कट्टा परत.

भाव विचारताना हमाली, तोलाई आणि छोट्या हत्तीचं भाडं धरून विचारा. "कळमन्यात चार रुपयांनी स्वस्त" म्हणून गेलात आणि फक्त २०० किलो आणलंत तर वाचलेले ८०० रुपये गाडीभाड्यातच जातात. तुमचा डाळ-तांदूळ-कणकेचा माल महिन्याला एक टनाच्या आसपास आहे, तेवढ्याला एक फेरी परवडते. बिल संस्थेच्या नावाने, पैसे बँकेतून.

नवीन तूर जानेवारी ते मार्च येते, चणा फेब्रुवारी-एप्रिल, धान दिवाळीनंतर. आवक असताना भाव साधारण नरम असतो. दिवाळीची देणगी फेब्रुवारीपर्यंत बँकेत राखून ठेवा, तेव्हा दालमिलवाल्याशी सहा महिन्यांचा भाव ठरवा आणि महिन्याला उचल करा. माल त्याच्या गोदामात, जोखीम त्याची. फक्त भाव, प्रत आणि महिन्याची उचल कागदावर घ्या. तोंडी ठरवलेलं श्रावणात भाव चढला की कुणाच्या लक्षात राहत नाही.

तेलाच्या पाऊचवर लिटर वाचू नका, ग्रॅम वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्याच आकाराचे दिसणारे ८५०, ८००, ७५० ग्रॅमचे पाऊचही बाजारात आहेत.

मानेवाडा_रहिवासी

खूप आभार. "अ" आणि "ब" चा विचार आमच्या डोक्यातच आला नव्हता. रेशनचं टेबल या रविवारपासून लावतो.

दोन शंका. दिवाळीत लोक पैसे न देता चुंगड्याच आणून देतात, त्या पावसाळ्यापर्यंत कशा टिकवायच्या? काही जण बोरिक पावडर लावा म्हणतात, काही सल्फासच्या गोळ्या. आणि खोलीत उन्हाळ्यात माल तापू नये म्हणून कूलर लावायचा विचार आहे, चालेल का?

कोठीवाला

कूलर लावू नका. तो थंडावा पाण्याचा आहे, खोलीत ओल भरते. कूलरच्या झोतासमोरच्या कट्ट्यात हात घाला, तांदूळ बोटांना चिकटतो, मग त्याचे गठ्ठे होतात, मग कुबट वास. धान्याला नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाने जेवढं बिघडत नाही तेवढं त्या ओलीने बिघडतं. वर एक्झॉस्ट पंखा लावा आणि खिडकीला बारीक जाळी. पाऊस सुरू असताना पंखाही बंद, नाहीतर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते.

बोरिक पावडर घरी स्वतःपुरती लावणारे लावतात, पण दुसऱ्याला देण्याच्या धान्यात ती नकोच. घेणारं घर किती वेळा धुणार, लेकरं कच्चे दाणे तोंडात टाकतात का, हे तुम्हाला ठाऊक नसतं. पाऱ्याच्या गोळ्या तर त्याहून नको. आणि सल्फास: त्यातून फॉस्फीन वायू निघतो, बंद खोलीत माणूस मरतो. समाजभवनाला लागून माणसं राहतात, भिंतीच्या फटीतून, दाराखालून तो वायू पलीकडे जातो. ते काम परवाना असलेल्या माणसाचं, माणसं नसलेल्या गोदामातलं. तुमच्या खोलीत त्या गोळीला जागाच नाही.

मग भुंगे कसे थांबवायचे? तुमचे मूग आणि चणे गेले, तूरडाळ गेली नसेल. कडधान्याचा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो आणि अळी आतून पोखरते. साल काढून फोडलेल्या डाळीत त्याला तसा थारा मिळत नाही. म्हणून जूनच्या आधी अख्खं कडधान्य वाटून संपवा आणि पावसाळ्यात फक्त डाळ ठेवा. देणगीत अख्खे चणे आले तर लगेच भाजून फुटाणे करून घ्या किंवा मिलवाल्याकडून डाळीत बदलून घ्या.

तांदळाचा सोंडकिडा वेगळा. दमट उबेत त्याची एक पिढी महिन्याभरात तयार होते. आज कट्ट्यात चार दिसले तर गणपतीपर्यंत चुंगडी चालायला लागते. पावसाळ्यात तांदूळ महिन्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी अर्धा त्रास संपतो. कणीक तर पंधरा दिवसांपुरतीच दळून घ्या. चक्कीवाल्याशी ठरवून गहू त्याच्याकडे टाका, वाटपाच्या दोन दिवस आधी दळून आणा आणि पूर्ण थंड झाल्यावरच पन्नीत भरा. गरम कणीक बांधली की आत घाम धरते आणि आठवड्यात आंबूस वास येतो.

दिवाळीच्या चुंगड्यांसाठी एप्रिल-मेचं ऊन वापरा. गच्चीवर काळी ताडपत्री, तिच्यावर अर्धा इंचाचा थर, अकरा ते चार. दर तासाभराने धान्य खालीवर करायचं. त्या तापात किडे आणि अंडी मरतात. मग सावलीत पसरून रात्रभर थंड करायचं आणि सकाळी जाड प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या कट्ट्यात भरून तोंड घट्ट पिळून बांधायचं. थंड न करता भरलं तर कष्ट पाण्यात, आतल्या बाजूला थेंब धरतात आणि वरचा थर बुरसतो. थर जाड केला तर खालचे किडे नुसते खाली सरकतात, मरत नाहीत.

आता खोली. १० बाय १२ मध्ये भिंतीपासून दीड फूट सोडलं तर ७ बाय ९ उरतं. त्यात ३ बाय ६ फुटांच्या दोन थप्प्या लावा, मध्ये तीन फुटांची वाट. एका थराला ३० किलोचे तीन कट्टे बसतात, आठ थर म्हणजे २४ कट्टे, ७२० किलो. दोन थप्प्यांत १,४४० किलो. तुमची महिन्याची गरज बघा: डाळ-सोया ४२६ किलो, "ब" चं धान्य ६३० किलो, मिळून १,०५६. एका महिन्याचा माल आणि थोडा वरकड, एवढीच त्या खोलीची ताकद. आठ थरांच्या वर जाऊ नका. खालचा कट्टा फुटतो आणि वरचा काढताना माणूस पडतो.

थप्पीखाली लाकडी पॅलेट, जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर. भिंतीला टेकलेला कट्टा पावसात भिंतीची ओल शोषतो, आणि उंदराचा रस्ताही भिंतीकडेनेच असतो. दीड फुटाची मोकळी जागा त्यासाठीच आहे, झाडू फिरतो आणि लेंड्या दिसतात. दाराखालची फट बोटभर असेल तर जीआय पत्र्याची पट्टी ठोका.

प्रत्येक कट्ट्यावर जाड मार्करने आल्याची तारीख, वाटेच्या बाजूला दिसेल अशी. जुना आधी निघेल अशी रचना. आठवड्यातून एकदा पाच कट्ट्यांत कोपरापर्यंत हात घालून बघा. आत ऊब लागली तर डोळ्यांना काही दिसो न दिसो, तो कट्टा त्याच दिवशी बाहेर काढून चाळा.

साबण, धुण्याची पावडर आणि अगरबत्ती या खोलीत एक दिवसही ठेवू नका. तांदूळ आणि कणीक वास ओढतात आणि शिजवल्यावरही तो जात नाही. वाटपाच्या पिशवीतही साबण वेगळ्या पन्नीत, कणकेपासून दूर. तेलाचे पाऊच क्रेटमध्ये, रॅकच्या सगळ्यात खाली. एक पाऊच वर फुटला की खालची दहा किलो डाळ गेली.

हिशोबनीस

पैशाचं आणि कागदाचं थोडक्यात.

नोंदणी नसताना वस्तीत वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. कायम चालवायचं तर न्यास नोंदवा. अन्न वाटता म्हणून एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही करून घ्या. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत. लॉनवरच्या लग्नांतून फोन येतील, "शंभर माणसांचं जेवण उरलं, या." ज्यांच्याकडे गरम डबे, गाडी आणि दोन तासांत वाटायला माणसं आहेत त्यांनीच ते घ्यावं. कोरड्या शिध्याच्या खोलीत शिजलेलं अन्न आणू नका. मे महिन्यात भात आणि पनीर किती लवकर उतरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

देणगीदाराला देणगीवरची आयकराची सूट रोख २,००० रुपयांपर्यंतच मिळते, त्यावर बँकेतूनच. चुंगडी दिली तर सूट मिळतच नाही. दिवाळीच्या आधी हे नीट सांगितलं तर बरेच जण चुंगडीऐवजी पैसे देतात आणि तुमचा साठवणुकीचा अर्धा प्रश्न सुटतो. ज्यांना वस्तूच द्यायची आहे त्यांना यादी द्या: मसूर डाळ, तेल, सोयावडी, मीठ. पॅकबंद वस्तूवर किमान ६० दिवस शिल्लक असतील तरच घ्यायची, नाहीतर नम्रपणे नको म्हणायचं.

रेशनमित्र यांच्या ७९,७१० च्या हिशोबात ७०,००० ची जमा वजा केली तर महिन्याला दहा हजारांच्या आत तूट राहते. ती मोठ्या देणगीदाराने भरून काढू नका, तो एक वर्ष देतो आणि दुसऱ्या वर्षी विसरतो. महिन्याला २५० रुपये बँकेतून आपोआप जाणारे ४० जण मिळवा. मानेवाडा, अयोध्यानगर, हुडकेश्वरच्या एकेका फ्लॅट स्कीममध्ये पाच-सहा घरं सहज तयार होतात, पण त्यांना दर महिन्याला कळायला हवं की किती घरांना किती किलो गेलं. फोटो नको, आकडा द्या.

ताटवाटी

शेवटची भर. एखाद्या महिन्यात पैसे खरंच कमी पडले तर सगळ्यांची डाळ अर्धी करू नका. क्रम आधीच ठरवून भिंतीवर लावा: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, सहा वर्षांखालची लेकरं असलेली घरं, क्षयरोगाचे रुग्ण, एकटे म्हातारे. यांची पिशवी पूर्ण, बाकीच्यांची त्या महिन्यात चणाडाळ आणि सोयावडी वगळून.

यातल्या कित्येकांना दुसरीकडूनही मिळण्यासारखं आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांची आणि गरोदर बायांची नोंद अंगणवाडीत झाली आहे का, ते सेविकेला विचारा. क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. खातं जोडलेलं नसल्यामुळे अडकलेले रुग्ण असतात, त्यांना रेशनच्या टेबलावरच विचारून घ्या.

भाजीसाठी पैसे नसतात, पण बाजार जवळ आहे. कॉटन मार्केटमध्ये सकाळचा जोर ओसरला की आलू, कांदे, कोहळं आणि दुधी मागता येतात. पालेभाजी घेऊ नका, वाटपापर्यंत टिकत नाही. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चला येतात, तेव्हा कळमन्यात बारीक फळ वेगळं काढलेलं स्वस्तात मिळतं. सालीला डाग असला तरी चालतो, देठापाशी दाबून बघा, तिथे मऊ लागलं तर ते दोन दिवसांत सडतं आणि शेजारच्या दहा फळांनाही सडवतं.

रांगेबद्दल: १४२ घरांना एकाच वेळी बोलावू नका. दर अर्ध्या तासाला १२ कुटुंबांचं टोकन द्या, नऊला सुरू केलं तर तीनपर्यंत सगळे आटोपतात. रोजीवर जाणाऱ्यांना सकाळच्या वेळा. चिठ्ठीवर नाव नको, नुसता आकडा. आधारची झेरॉक्स गोळा करू नका, कार्डाचे शेवटचे चार अंक, माणसं किती आणि पिशवी "अ" की "ब", एवढी नोंद पुरते. जमलं तर मसूर, चणा, मूग या तिन्ही डाळी टेबलावर मांडा आणि त्यातली दीड किलो ज्याची त्याला निवडू द्या. मसूर न खाणारी घरं असतात. निवडून नेलेली डाळ शिजते, न आवडणारी कोपऱ्यात पडते.

मानेवाडा_रहिवासी

ताई, मूग ठेवायचा तर मोगर की छिलका?

ताटवाटी

पावसाळ्यात मोगर. साल निघालेली असते, भुंग्याला धरायला काही नाही, आणि आजारी माणसाला, लहान लेकराला पचायलाही सोपी. ऑक्टोबर उजाडला की छिलका आणा, तेव्हा ती दोन-चार रुपये कमीला मिळते का ते चुंगडी भाऊ सांगतील.